मुलाला आवाज, स्पर्श, कपडे सगळ्याचाच त्रास होतो: ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि घरचे उपाय, अनुभव हवेत

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी. पालकत्वाचे जुने धागे चाळले, नेमकं हवं ते सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

मुलगा साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीत. बोलायला चुणचुणीत, ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंतची स्टेशनं क्रमाने पाठ. पण घरात मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळतो. शर्टाच्या मानेमागचं लेबल कापलं तरी शिवणीत उरलेला काठ टोचतो, मग सुई घेऊन तो पूर्ण उसवावा लागतो. मोज्याची शिवण बोटांवर आली की बूट भिरकावतो. ताटात वरण भाताला लागलं तर जेवण संपलं. केस कापायला दोघांनी धरावं लागतं आणि तसं धरणं मला बघवत नाही.

आणि हाच मुलगा सोफ्याच्या पाठीवरून गादीवर धाडकन उड्या मारतो, भिंतीवर पाठ आपटतो, शाळेत रांगेत पुढच्याला ढकलतो. एवढंसं लेबल सहन होत नाही आणि धडक चालते, हे कोडं सुटत नाही.

डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनने (मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांनी) तपासलं. ऑटिझम नाही, एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) इतक्यात काही म्हणता येणार नाही, सेन्सरी प्रोसेसिंगच्या म्हणजे आवाज-स्पर्शासारख्या जाणिवा हाताळण्याच्या अडचणी दिसतात, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतलेले खेळ आणि व्यायाम) सुरू करा, असा सल्ला मिळाला. आठवड्यातून दोन सेशन नुकतीच सुरू केलीत. ओटीने खरंच फरक पडतो का? महागडं सामान न घेता घरी काय करता येईल? आणि घरातल्यांना कसं सांगायचं? सासूबाई प्रेमळ आहेत, पण 'लाड फार झालेत' हे त्यांचं मत पक्कं आहे.

हुरडा
राग मानू नका, पण आमच्या लहानपणी असली मुलं नव्हती का? होती. त्यांना कोणी थेरपीला नेलं नाही. अंगणात झोका होता, आंब्याचं झाड होतं, ओढा होता, दळण डोक्यावरून आणावं लागायचं. आज पोर दहाव्या मजल्यावर आणि खेळायला हॉल. आधी रोज दोन तास मैदानावर सोडा, मग बघू.

चिंचपाणी
वाचतेय. माझ्या भाच्याचं अगदी असंच आहे.

निंबोणी
मी पुण्यात लहान मुलांची ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. अबोली, आधी तुमचं कोडं.

आपण पाच इंद्रियं शिकतो, पण शरीराला आणखीही जाणिवा असतात. आतल्या कानातून तोलाची आणि हालचालीची जाणीव येते. स्नायू आणि सांध्यांमधून हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागतोय याची खबर मेंदूला जाते. डॉ. जीन एअर्स या अमेरिकन ओटींनी साठ-सत्तरच्या दशकांत या सगळ्याची जी मांडणी केली, त्यावर आजची सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी उभी आहे. काही मुलांना हलका, अचानक झालेला स्पर्श फार झोंबतो, पण खोल दाब आणि जोराची कामं त्यांना शांत करतात. शिवाय लेबल त्याला न विचारता दिवसभर टोचतं. उडी तो स्वतः ठरवून मारतो, ती कधी लागणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून एकाच मुलात दोन्ही दिसतं.

घरी करायचं तर 'अंगमेहनतीचं काम' हा शब्द लक्षात ठेवा. अर्धी बादली पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत नेणं. घट्ट कणीक मळणं. गादी ओढून जागेवर लावणं, धुतलेला टॉवेल पिळणं, भाजीची पिशवी लिफ्टपासून घरात आणणं. भिंत ढकलण्याची शर्यत, बेडूकउड्या, आपण पाय धरायचे आणि त्याने हातांवर चालायचं. जबड्यालाही काम लागतं: गाजर, खाकरा, चिक्की. ही कामं अवघड प्रसंगाच्या आधी करा. बसला निघायच्या आधी दहा मिनिटं, सलूनला जायच्या आधी थोडा वेळ. मेल्टडाऊन (सगळं असह्य होऊन मूल कोसळणं) सुरू झाल्यावर बादली हातात देऊन उपयोग नाही. तेव्हा कमी बोलायचं, दिवा मंद करायचा, जवळ बसायचं.

दोन गोष्टी मात्र करू नका. चिखलात किंवा रंगात हात जबरदस्तीने बुडवू नका. आणि झोक्यावर गरगर फिरवू नका. फिरण्याचा परिणाम उशिरा दिसतो आणि बराच वेळ राहतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळलं तर लगेच थांबवा.

हुरडा, मैदानाबद्दल पूर्ण सहमत. पण ज्या मुलाला गवताचा पायाला स्पर्श सहन होत नाही ते मैदानाच्या कडेलाच उभं राहतं. त्याला आत कसं न्यायचं, तिथे आमचं काम सुरू होतं.

दादरचा_पोपट
मिक्सर लागला की मीही आतल्या खोलीत पळतो, फक्त चटणी झाली की परत येतो. दिवे घ्या. निंबोणीताईंचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

तिठा
मी बालरोगतज्ज्ञ. माझा सूर थोडा वेगळा आहे, पण तो कळायला हवा.

'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत) नाही. आवाज-स्पर्शाच्या तीव्र किंवा मंद प्रतिक्रिया तिथे ऑटिझमच्या निकषांत आल्या आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की हे वेगळं निदान म्हणून सहसा वापरू नका. थेरपी एकूण उपचारांचा एक भाग म्हणून चालेल, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. ब्रिटनमध्ये १३८ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या सेवांच्या तुलनेत सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीने वागणुकीत वेगळा फायदा दिसला नाही.

म्हणजे त्रास खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मुलाला त्रास होतोय. पण 'मेंदूची वायरिंग बदलते' असं सांगून वर्षानुवर्षं पॅकेज विकणारेही आहेत, त्यांच्यापासून जपा. आणि आधी साध्या गोष्टी तपासून घ्या: ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), डोळे, दात, बद्धकोष्ठ, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). कानात पाणी साठलेलं मूलही आवाजाला विचित्र प्रतिसाद देतं. पोट साफ नसलेलं मूल खाण्याला नाही म्हणतं.

निंबोणी
तिठा, आकडे बरोबर आहेत. त्याला जोडून एक: २०१४ मध्ये अमेरिकेत ३२ ऑटिस्टिक मुलांवर छोटी चाचणी झाली होती. त्यात पालकांबरोबर बसून ठरवलेल्या रोजच्या ध्येयांत थेरपी घेतलेल्या मुलांची प्रगती जास्त होती. चाचणी लहान आहे, त्यावर मी मोठा दावा करणार नाही. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. 'सेन्सरी सुधारणे' हे ध्येय असेल तर काहीच मोजता येत नाही. 'मोजे घालून बसपर्यंत जाणे', 'सलूनच्या खुर्चीत न धरता बसणे' असं ध्येय असेल तर तीन महिन्यांनी आई स्वतः सांगते, झालं की नाही.

अबोली, तुमच्या थेरपिस्टकडून अशी दोन-तीन ध्येयं लिहून घ्या. सेशनच्या शेवटची दहा मिनिटं तुम्हाला आत बोलावून काय केलं ते दाखवतात का, हेही पाहा. दार बंद आणि पालक बाहेर मोबाइलवर, अशा थेरपीतून घरी काहीच येत नाही.

तिठा
यावर माझं पूर्ण अनुमोदन. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर पद्धत बदलायची, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं.

पारंबी
मी या मुलाच्या बाजूने लिहिते. मी ३४ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे आणि निदान मोठेपणी झालं. लहानपणी मला हट्टी, नाजूक, नाटकी म्हणत. ट्यूबलाइटचा बारीक आवाज, वर्गातला फॅन, मैत्रिणीच्या डब्यातल्या लोणच्याचा वास, रेक्झिनच्या बाकाला चिकटणाऱ्या मांड्या. कोणीतरी खांद्यावर न थांबता टिचक्या मारत राहावं आणि त्याच वेळी बाईंनी पाढा विचारावा, तसं होतं ते. इतरांना फक्त पाढा ऐकू यायचा.

म्हणून विनंती: 'सवय लागेल' म्हणून त्रासात उभं करू नका. सवय लागलीय असं दिसतं, पण मूल फक्त गप्प बसायला शिकतं आणि घरी येऊन कोसळतं. आधी सांगा, त्याच्या हातात थोडा ताबा द्या. 'आता मिक्सर लावतेय, दहापर्यंत मोजायचं, मग बंद' एवढं वाक्यही पुरतं. बटण त्यालाच दाबू द्या. लेबल उसवायला लागतं तर उसवा, त्यात हार-जीत काही नाही.

हुरडा
पारंबी, तुमचं वाचून थांबलो. आमच्या वर्गातही दोन जण होते, रोज मार खायचे. मैदानाचा मुद्दा माझा कायम आहे, पण 'आमच्या वेळी नव्हतं' हे म्हणण्यात अर्थ नाही, हे मान्य.

रानजाई
नाशिकहून. माझ्या लेकीला चिकट, ओलं काहीही चालायचं नाही. डिंक बोटाला लागला तरी रडून घर डोक्यावर. दिवाळीत सोसायटीत किल्ला करायचा होता. तिला मातीत हात घालायला कोणीच सांगितलं नाही. दादाने तिला मावळे मांडायचं आणि पाण्याचा तांब्या आणून द्यायचं काम दिलं. पहिल्या दिवशी ती विटेवर बसून लांबून बघत होती. मग काडीने मातीत वाट काढली. मग कोरडी माती पोत्यावर पसरून हळीव पेरायला पुढे आली, कारण हळीव कोरडे होते. बुरूज लिंपायच्या दिवशी तिने प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून चिखल थापला आणि मध्येच पिशवी फाटली. ती दोन क्षण हाताकडे बघत राहिली, जवळच्या बादलीत हात बुडवला, पुसला आणि पुन्हा थापायला लागली. बादली आणि फडकं शेजारी होतं म्हणून जमलं, असं आमच्या ओटींचं म्हणणं. हात कधीही धुता येतो हे माहीत असलं की मूल हात घालायला धजावतं.

तेव्हापासून घरात कुठलाही पसाऱ्याचा खेळ असला की ओलं फडकं आधी.

चिंचपाणी
वेटेड ब्लँकेटबद्दल (वजन भरलेलं जड पांघरूण) कोणी सांगेल का? ऑनलाइन फार महाग आहेत. भाच्याला झोपच लागत नाही.

तिठा
ब्रिटनमध्ये २०१४ साली ऑटिस्टिक मुलांवर याचा अभ्यास झाला. झोपेचा वेळ वाढला नाही. मुलांना आणि पालकांना पांघरूण आवडलं मात्र. लहान बाळांना अजिबात नको, आणि ज्या मुलाला ते स्वतःहून अंगावरून काढता येत नाही त्यालाही नको.

निंबोणी
आवडतं म्हणून वापरायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी हजारो रुपये घालू नका. आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी चांगली जड असते. झोपण्याआधी 'फ्रँकी' खेळा: सतरंजीवर आडवं करून गुंडाळायचं, डोकं आणि मान बाहेर, वरून हातांनी 'चटणी लावली, कांदा घातला' म्हणत दाबत जायचं. त्याने 'बस' म्हटलं की त्या क्षणी उलगडायचं. 'बस' पाळला जातो हा विश्वास बसला तरच हा खेळ उपयोगाचा.

कोकणकडा
इथे सगळे पुण्या-मुंबईचे दिसतात म्हणून लिहितो. सिंधुदुर्गात आमच्या गावापासून तासभराच्या अंतरात खाजगी ओटी नाही. ज्यांची अशीच स्थिती आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी होते आणि गरज असलेल्यांना तिकडे पाठवतात. सेवा मोफत आहे. पद भरलेलं आहे का, ओटी कुठल्या वारी बसतात, हे मात्र आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचा दिवस फुकट जातो.

आम्ही अधूनमधून जातो, घरचा कार्यक्रम लिहून आणतो आणि तोच चालवतो. पोरगा आजोबांबरोबर सोललेल्या नारळांची टोपली ओढतो, रहाटाचा दोर धरतो (आजोबांचा हात वर असतोच), वाळवणाची गोणी पसरतो. जेवायला तासभर लागायचा, तो आता बाकीच्यांबरोबर उठतो.

चौकट
खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सेन्सरी अडचणी वेगळ्या नाहीत. म्हणजे अबोलीसारख्यांना खिशातूनच. निदान पैसे योग्य माणसाला जाताहेत ना ते बघा: महाराष्ट्रात ओटींची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. आठवडाभराच्या कोर्सचं प्रमाणपत्र लावून 'सेन्सरी सेंटर' उघडलेलं मी आमच्या गल्लीत पाहिलंय.

जर्सीकर
न्यू जर्सीतून. इथे तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन आणि पुढे शाळेमार्फत ओटी मिळते. पण शाळेची ओटी अभ्यासाशी आणि शाळेतल्या वावराशी संबंधित असावी लागते. केस कापायला रडतो हे शाळेला सांगून उपयोग नाही, ते घरचं घरीच बघावं लागतं. सगळं फुकटात होतं असा समज असेल तर तो काढून टाका.

चौकट
अवांतर, पण न्यू जर्सी आणि अमेरिका निघालीच आहे तर: आपल्याकडे ओटीचं शिक्षण सुरू करण्यात मोठा वाटा कमला निंबकरांचा. जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. अमेरिकेत ओटी शिकून आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत केईएमला देशातला पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९५२ मध्ये ओटींची अखिल भारतीय संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्या नावाचं.

निंबोणी
हे नाव इथे निघालं याचा फार आनंद झाला. आम्हाला पहिल्या वर्षाला त्यांच्याबद्दल एक परिच्छेद होता, तोही परीक्षेपुरता. एवढ्या जुन्या परंपरेचं राज्य आपलं, आणि जिल्ह्याच्या गावी ओटी मिळत नाही. कोकणकडांनी लिहिलेलं टोचलं.

सुगरण_आजी
मी सासूबाईंच्या वयाची. अबोली, त्यांना समजावायला जाऊ नकोस, काम दे. माझ्या नातवाचं असंच होतं. सूनबाई मला इंग्रजी व्हिडिओ दाखवायची, माझं डोकं उठायचं. मग त्यांच्या थेरपीवाल्या बाईंनी मलाच बोलावून घेतलं आणि विचारलं, आजी, तुम्ही घरात काय काय करता? त्यातूनच यादी झाली. मटार सोलणं, वालाची बिरडी काढणं, गवार मोडणं, पुऱ्यांचं पीठ तिंबणं, उखळीत दाण्याचं कूट. तो आणि मी समोरासमोर बसतो. भिजलेल्या वालाचं साल चिकटतं म्हणून आधी नको म्हणायचा, तेव्हा त्याला सुक्या शेंगा दिल्या.

अभ्यंगस्नानाला उटणं खरखरीत लागतं म्हणून रडारड व्हायची. आता नुसतं तेल, तेही तळव्याने दाबून, बोटांनी भुरभुर नाही. उटणं स्वतःच्या पायाला तो स्वतः लावतो, तेवढं पुरे. देव काही रागावत नाही.

सासूबाईंना एवढंच म्हण, आई, त्याला तुमच्याजवळ बसवून काम शिकवा. लाडाचं भांडणच मिटतं.

अबोली_ठाणे
आजी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. सर्वांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

थेरपिस्टशी बोलले. दोन ध्येयं लिहून घेतली: मोजे-बूट घालून बसमध्ये चढणं आणि ताटात दोन पदार्थ शेजारी असताना जेवणं. मोजे उलटे घालायला त्यांनीच सुचवलं, शिवण बाहेर राहते. ऑडिओमेट्री केली, नॉर्मल आहे. फेरिटिन कमी आलं, त्याचं औषध सुरू झालंय. तिठा, ते तुमच्यामुळे कळलं. सासूबाईंनी परवा त्याला मटार सोलायला बसवलं. अर्धे त्याच्या पोटात गेले, कच्चे, आणि तो ओली भाजी सहसा तोंडाला लावत नाही.

दोन प्रश्न उरलेत. गणपतीत आमच्या गल्लीत ढोल-ताशा असतो. आणि शाळेत कसं सांगू? एका वर्गात चाळीसवर मुलं आहेत.

पारंबी
ढोलाबद्दल मी सांगते. कानांवर बसणारे इअरमफ घे, पण आधी घरात खेळताना घालू दे, मिरवणुकीत पहिल्यांदा नको. दिवसभर घालायची सवय लावू नका, नाहीतर साधे आवाजही मोठे वाटू लागतात. पथक लांब असताना गॅलरीतून बघायचं आणि जवळ आलं की आत जायचं की थांबायचं हे त्याने ठरवायचं. मला ढोल लांबून आवडतो. पोटात जाणवतो तो.

खडू_फळा
मी प्राथमिक शिक्षिका, वर्गात ५२ मुलं. खरं सांगते, पालक दहा पानी रिपोर्ट आणतात तेव्हा तो कपाटात जातो. वाचायला वेळच नसतो. एका चिठ्ठीवर चार ओळी दिल्या तर ती माझ्या टेबलाच्या काचेखाली राहते. रांगेत ढकलणाऱ्या मुलाला मी रांगेच्या शेवटी उभं करते, म्हणजे मागून कोणाचा धक्का लागत नाही. बऱ्याचदा तो धक्क्यालाच धक्का देत असतो. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये न्यायचं काम त्यालाच देते. घंटा व्हायच्या आधी डोळ्यांनी खूण करते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही आणि बाकीच्या मुलांना वेगळं काही वाटतही नाही.

चिठ्ठी अशी लिही, फेरफार करून घे:

'बाई, नमस्कार. आमच्या मुलाला अचानक आवाज आणि मागून लागलेला धक्का यांचा फार त्रास होतो, तो मुद्दाम करत नाही. रांगेत त्याला शेवटी उभं केलं आणि घंटेच्या आधी खूण केली तर तो शांत राहतो. वह्या उचलणं, फळा पुसणं अशी कामं त्याला द्या, त्याला आवडतात. एखाद्या दिवशी फारच बिनसलं तर मला या नंबरवर फोन करा, मी येईन.'

शेवटची ओळ काढू नकोस. पालक येणार आहेत हे माहीत असलं की आम्हीही जरा धीराने घेतो.

अबोली_ठाणे
शनिवारी पालकसभा आहे. चिठ्ठी हाताने लिहून नेते.